ललिता मॅडमच्या सेवापुस्तकातली लाल ओळ

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपलं रुग्णालय चालवणाऱ्या मंडळाचा कारभार पंचवीस वर्षं सांभाळणारे आदरणीय विजयसिंह सरनोबत साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेल्या, आमच्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख डॉ. संयोगिता इंगवले मॅडम. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, रुग्णालयाच्या संगणक विभागाच्या प्रमुख ललिता शिंगे मॅडम. पन्हाळ्याच्या पायथ्याहून शाल घेऊन मुद्दाम आलेले हंबीरराव चौगुले दादा. आणि समोर बसलेल्या माझ्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा लोकांनो, आपणा सर्वांना या धैर्यशील साळोखेचा नमस्कार.

नाव धैर्यशील असलं तरी मी माईक दोन्ही हातांनी धरलाय, हे पहिल्या दोन रांगांना दिसत असेल. हसा, हसा. मागनं कोण ओरडलं, "भिऊ नको की रं"? विश्वजित, तूच असणार. बाबा, मी खरंच भ्यालोय. एकवीस वर्षं आयसीयूत ब्रदर म्हणून काढली, माणसं डोळ्यांदेखत जाताना बघितली, पण असा एकदाच भ्यालो होतो. त्याच दिवसाबद्दल मला बोलायचंय.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'मनोगत, पाच मिनिटं' असं छापलंय. साहेब, मला जास्त लागतील. चहा थोडा थांबवा, अशी विनंती आहे. कारण चहानंतर काय होणार हे मला ठाऊक आहे. मॅडमचं सेवापुस्तक कार्यालयात टेबलावर काढून ठेवलंय, सकाळी मी स्वतः बघून आलो. चहा झाला की साहेब त्यावर शेवटची सही करणार आणि ते कायमचं बंद होणार. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्या पुस्तकात लाल शाईची एकच ओळ आहे: 'विभागप्रमुखांच्या निष्काळजीपणामुळे अतिदक्षता विभागातील यंत्रणा बंद पडली, सबब ठपका ठेवण्यात येत आहे.' ही ओळ तशीच राहून पुस्तक मिटलं, तर उद्यापासून तेच खरं होणार. म्हणून मी जास्त वेळ मागतोय.

मॅडमबद्दल काय सांगू? त्या रुजू झाल्या तेव्हा या इमारतीत एकच कॉम्प्युटर होता. त्याच्यावर मखमली कापड असायचं आणि त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, असं जुने लोक सांगतात. आज बासष्ट मशिनं आहेत आणि चपला कुणी काढत नाही. पण मॅडमचा धाक तोच. कुणी कॉम्प्युटरला मोबाईल चार्जिंगला लावलेला दिसला की त्या तो काढून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि संध्याकाळी रांगेत उभं करून परत द्यायच्या. डॉक्टरांचा असला तरी. इंगवले मॅडम हसताहेत, त्यांचा दोनदा गेलाय.

आम्ही वैतागायचो. "ओ मॅडम, एवढं काय बिघडतंय?" म्हणून वाद घालायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "धैर्यशील, बाहेरचं काय आत येतंय ते मला माहीत पाहिजे." बास, एवढंच. इंटरनेटवर सामने बघणंसुद्धा त्यांनी आमच्या मशिनांवर बंद करून टाकलं होतं. आता कोल्हापुरात, फुटबॉलच्या हंगामात, सामना बंद म्हणजे काय, हे मी या सभागृहाला सांगायची गरज नाही. मी शिवाजी पेठेतला. आमच्याकडं तालमीच्या संघाचा सामना असला तर साखरपुड्याची वेळ बदलतात.

तर तीन वर्षांपूर्वीचा मार्चमधला रविवार. चार वाजता आमच्या तालमीचा उपांत्य सामना, आणि माझी नेमकी दुपारची ड्यूटी. चौदाच्या चौदा खाटा भरलेल्या, आम्ही स्टाफ चौघं.

चार वाजून वीस मिनिटांनी आमच्या टेबलावरचा मोठा पडदा निळा पडला. या पडद्यावर चौदाही पेशंटचे ठोके एकत्र दिसतात. वर काहीतरी इंग्रजी अक्षरं आली आणि पडदा गेला. आपलं आपण परत चालू झालं, दोन मिनिटं ठोके दाखवले, परत निळा. मग बेडजवळची मशिनं जायला लागली. एक नंबर गेलं. चार नंबर. नऊ. सहा. चालू व्हायची, जरा तग धरायची आणि परत कोसळायची. आयसीयूत दिवसभर बारीक टिकटिक चालू असते, आमच्या कानांना ती ऐकूही येत नाही. त्या दिवशी ती थांबली. श्वासाची मशिनं नेटवर्कच्या तारेला जोडलेली नव्हती म्हणून तेवढी चालू राहिली. पण बाकी सगळं चिडीचूप. माझ्या पाचावर धारण बसली.

सहा नंबरच्या खाटेवर बाळाबाई चौगुले होत्या, या हंबीरराव दादांच्या आई. सकाळपासून त्यांचे ठोके घसरत होते, दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवायचा होता. चाळीसच्या खाली गेले की लगेच इंजेक्शन, असं इंगवले मॅडमनी लिहून ठेवलेलं. पण चाळीसच्या खाली गेले हे ओरडून सांगणारं मशीनच मुकं झालं! मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत मोजायला लागलो. आज्जींनी डोळे उघडले.

म्हणाल्या, "आरं, हात किती गार हाय तुजा. भ्यालास व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय, आज्जी."

"मग कापतोयस कशाला? मी हाय की हितंच."

चव्वेचाळीस ठोके होते. बाकी तेरा खाटांना राहिलेले तिघं. एकाचं मनगट सोडून दुसऱ्याचं धरायचं, आणि सोडलेलं आता कसं असेल या भीतीनं परत मागं पळायचं. इंगवले मॅडमनी मशीनच्या कंपनीला फोन लावला. तिकडनं सल्ला आला, "बंद करून चालू करा." अहो, ती आपलं आपण तेच करत होती! वॉर्डातल्या पिराजी मामांनी लाईटचा बोर्ड उघडून बघितला, जनरेटर बघितला, सगळं ठीक. बाहेर हंबीरराव दादा काचेला नाक लावून उभे. मला हातानं विचारत होते, काय झालं? मी हातानंच सांगितलं, काही नाही. ती माझी त्या दिवशीची पहिली थाप.

फोन केल्यावर वीस मिनिटांत ललिता मॅडम सिद्धार्थनगरातल्या घरातनं स्कूटरवर आल्या. हेल्मेट काढायचंही भान नव्हतं. दारात उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "न पडलेलं मशीन कुठलंय?"

बघा, आम्ही सगळे पडलेली मोजत होतो. न पडलेलं कुणी बघितलंच नव्हतं. एक होतं, अकरा नंबर. त्याच्या तारेची क्लिप दोन दिवसांपूर्वी तुटलेली, म्हणून तार काढून ठेवली होती. मॅडमनी ती लोंबणारी तार हातात घेतली आणि म्हणाल्या, "याला तार नाही, म्हणून हे उभं आहे. म्हणजे जे येतंय ते तारेतनं येतंय. सगळ्या तारा काढा."

इंगवले मॅडम म्हणाल्या, "ललिता, जिवंत पेशंट आहेत. तारा काढल्या आणि आहे तेही गेलं तर?"

"मॅडम, तारा आहेत तेव्हा तुम्हाला काय दिसतंय?"

सहा नंबरची तार मॅडमनी स्वतःच्या हातानं काढली. मशीन परत चालू झालं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन. चार. पडलं नाही! पडद्यावर आकडा आला, अडतीस. इंजेक्शन तयारच होतं. दहा मिनिटांनी बाळाबाई चोपन्नवर आल्या आणि पाणी मागायला लागल्या. आज त्या घरी आहेत, म्हशीचं बघतात, आणि सुनेला ओरडतात असं दादा सांगत होते.

तारा काढल्यावर सगळी मशिनं उभी राहिली. तासाभरानं मॅडमनी एक तार परत जोडून बघितली. काही झालं नाही. दुसरी जोडली, तरी काही नाही. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "थांबलं कसं?" ते दोन शब्द मी तीन वर्षं ऐकतोय.

पुढचे तीन दिवस मॅडम घरी फक्त अंघोळीला गेल्या. मशीन कोसळताना आपल्या पोटात काय चाललं होतं त्याची शेवटची नोंद टाकून जातं म्हणे. ती आकड्यांची नोंद त्यांनी कागदावर काढली आणि पानन् पान वाचली. मी डबा द्यायला गेलो तेव्हा मला समजावलं. म्हणाल्या, समज, टपालात एक पाकीट आलं. वर लिहिलंय, आत दहा कागद. निघतात दोनच. शहाणा कारकून पाकीट बाजूला टाकेल. आपल्या मशिनांमधली ऑपरेटिंग सिस्टिम उरलेले आठ शोधायला गेली आणि तोंडावर पडली. आणि पाकीट चुकून तसं आलेलं नाही, पाडायलाच बनवलेलं आहे.

मग त्यांनी तसंच खोटं पाकीट स्वतः तयार केलं आणि आपल्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरला पाठवलं. म्हणाल्या, "पडलं तर आपण बरोबर." ते पडलं. त्याच्यावर कंपनीची दुरुस्ती, म्हणजे पॅच, घातली, परत तेच पाकीट पाठवलं. ते उभं राहिलं. मॅडमना हसताना मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं.

ही दुरुस्ती नवीन नव्हती, साहेब. आठ महिन्यांपूर्वीच कंपनीनं दिली होती. मॅडमनी ती घालायला तीनदा लेखी परवानगी मागितली होती, आणि तिन्ही अर्जांवर 'आयसीयू बंद ठेवता येणार नाही, पुढे पाहू' असा शेरा आहे. शेरा कुणाचा ते मी सांगत नाही, सही सगळ्यांच्या ओळखीची आहे. माफ करा, आज जीभ आवरत नाही.

ती दुरुस्ती बासष्ट मशिनांवर घालायची, तीही तारेतनं नाही, पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपाशी जाऊन. आयसीयूत एका मशीनला अकरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ पेशंट पडद्याविना. म्हणून पद्धत ठरली: मॅडमचा हात मशीनवर, माझी बोटं नाडीवर, आणि दर मिनिटाला मी ठोके मोठ्यानं सांगायचे. "बहात्तर, मॅडम." "सत्तर, मॅडम." चौदाही पेशंटच्या नाड्या मी धरल्या. त्याबद्दल मंडळानं मला प्रशस्तिपत्र दिलं. याच सभागृहात, याच जागी. दादा, तुमच्याकडनं दर दिवाळीला तुपाचा डबा येतो. "तुमी हात धरला म्हनून आई हाय," असं तुम्ही दर वेळी फोनवर म्हणता. ते तूप आमच्या घरात कधी संपत नाही, कारण मी ते खात नाही. बायको मोना विचारत असते, का खात नाही? ती तिसऱ्या रांगेत बसलीय. मोना, आता कळेल.

आणि ज्यांनी सगळं उभं केलं त्यांना काय मिळालं? चौकशी समिती बसली. खोटं पाकीट कुठल्या मशीननं पाठवलं, ते मॅडमनी दिलेल्या अहवालात 'अज्ञात' असं लिहिलं होतं. मग ठपका ठेवायला नाव शोधलं गेलं, आणि सिद्धार्थनगरातलं शिंगे हे आडनाव फार पटकन सापडलं. ते इतकं पटकन का सापडलं, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे आणि आपण कुणी ते मोठ्यानं बोललो नाही. मीही नाही.

आता मघाशी मी मधली पाच मिनिटं गाळली, ती सांगतो. सहा नंबर उभं राहिलं तेव्हा बाकीचे उरलेल्या तारा काढायला धावले. मी बाळाबाईंचं मनगट सिस्टरच्या हातात दिलं आणि मागच्या विश्रांतीच्या खोलीत गेलो.

मॅडम, तुम्ही मान का हलवताय? नको म्हणताय? मॅडम, बसा. आज मला थांबवू नका, परत माझ्यानं होणार नाही.

त्या खोलीत जुना टीव्ही आहे. शाहूपुरीत एका पथारीवाल्याकडनं मी एक छोटी काळी पेटी आणली होती. टीव्हीला लावली की इंटरनेटवरचे सामने फुकट दिसतात. बिनकंपनीची, बिनबिलाची. भिंतीत नेटवर्कचा एक मोकळा पॉइंट होता, पंधराव्या खाटेसाठी ठेवलेला. चार वाजता मी पेटी तिथं जोडली. बाकी कुणाला माहीत नव्हतं. पेटीच्या पोटात काय भरून आलंय हे मला माहीत नव्हतं, पण बाहेरचं काही जोडायचं नाही हे पक्कं माहीत होतं. मॅडमनी शंभरदा सांगितलेलं. पूर्वार्धात आम्ही एक गोल मारला तो मी बघितला. दादा, तुमच्या आईचं मशीन गेलं तेव्हा मी तो गोल परत बघत होतो.

'तारेतनं' हा शब्द ऐकला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मी आत गेलो, पेटी ओढून काढली, डब्याच्या पिशवीत भरली आणि परत येऊन आज्जींचं मनगट धरलं. म्हणून ते थांबलं, मॅडम. तुम्ही तीन दिवस जे शोधत होता ते माझ्या घरी माळ्यावर होतं. अजून आहे. बोलायला गेलो की नोकरी दिसायची, पोलीस दिसायचे, काचेला नाक लावलेले दादा दिसायचे, आणि तोंड मिटायचं. तीन वर्षं एकाही रविवारी मला नीट जेवण गेलेलं नाही.

मॅडम काहीतरी म्हणताहेत. मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. म्हणताहेत, "मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तो मागच्या खोलीतल्या पॉइंटचा होता, आणि त्या वेळी सामना तुझ्या तालमीचा होता."

कळलं होतं? मॅडम... मग 'अज्ञात' का लिहिलं? तुमच्यावर ठपका येत होता, मग का...

थांबा. जरा पाणी द्या कुणीतरी.

मॅडम काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. "तुझं नाव लिहिलं असतं तर समितीनं तुला काढलं असतं. माणूस सापडला म्हणून फाइल बंद केली असती, आणि मशिनं तशीच राहिली असती. अज्ञात लिहिलं म्हणून सगळे भ्याले. भ्याले म्हणून बासष्ट मशिनांची परवानगी आठ दिवसांत मिळाली."

साहेब, ऐकलंत? आपण यांना निष्काळजी म्हणून लिहून ठेवलंय.

मॅडम, हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मला आणखी भीती वाटतेय. तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून चौदा मशिनं दुरुस्त केलीत, मी ठोके सांगत होतो, आणि हा कोण आहे हे तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्या नजरेला आता नजर कशी देऊ? पण मशिनं आता दुरुस्त झालीत ना? मग आता नाव लिहायला हरकत नाही. तुम्ही कितीही मान हलवा.

हे दोन पानी पत्र मी काल लिहिलंय, खाली सही केलीय, तारीख घातलीय. साहेब, तुमच्यासमोर ठेवतो. सेवापुस्तकावर सही करायच्या आधी हे वाचा. ती ओळ खोडून तिथं माझं नाव लिहा, आणि मॅडमच्या तीन अर्जांच्या प्रतीही त्यात लावा. पुस्तक बंद व्हायचं ते असं होऊ दे. दादा, तुम्ही खाली बघताय. मला तुमच्याकडनं काही नको. फक्त ती शाल दुसऱ्या कुणाला नाही, मॅडमना घाला.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे, आणि चहा थंड होत असताना ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. साहेबांना लागेल असं बोललो असेन, वेळ मर्यादेबाहेर घेतला असेल, तर सभागृहानं तेवढं पोटात घालावं. बाकीचं कुणी पोटात घालू नये.

आठ वाजता माझी ड्यूटी आहे. सहा नंबरला आज एक नवीन पेशंट आलाय. मी वर आयसीयूत जायचं की घरी, एवढं कुणीतरी मला सांगा. मी पायरीपाशी थांबतो.